भिंगावरची जांभळी झाक

एका परदेशी दुर्बिणीच्या भिंगावर कारखान्याने मुद्दाम चढवलेली जांभळी झाक मी एकदा डाग समजून घासून काढली. चुकून हात लागला आणि गेली, असं झालं नाही. चांगलं दोन दिवस बसून, पदर खोचून, तोंडाने गाणं गुणगुणत घासून काढली. गेली तेव्हा मला इतका आनंद झाला की घरी जाताना जिलेबी घेतली. "आज काय विशेष?" ह्यांनी विचारलं. "तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले. "कामातली गोष्ट आहे."

नव्या सुनेने नॉनस्टिकचा तवा काथ्याने घासून पांढरा लख्ख करावा आणि सासूपुढे धरून "बघा, किती घाण साचली होती" म्हणावं, तसला हा पराक्रम. तव्याच्या बाबतीत फार तर डोसा चिकटतो. माझ्या भिंगापायी एक रानगवा, एक गाव आणि एक भला माणूस अडचणीत आला.

तेव्हा मी अगदी लहान होते. बेचाळीस वर्षांची. धंद्यात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांच्या पोराला जसं वाटतं की आपल्याला सगळं येतं, तसंच मलाही वाटायचं.

आमचं दुकान शाहूपुरीत, एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली शेतीच्या पंपांचं दुकान, त्यामुळे वर चढणारी निम्मी गिऱ्हाइकं "मोटर जळालीया" म्हणतच यायची. वर आम्ही काचेचे डोळे दुरुस्त करायचो. कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक, जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणी, कॅमेरे, आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेतली नळीची यंत्रं. उसाच्या रसात साखर किती आहे ते त्या नळीतून प्रकाश सोडून बघतात. दुकान मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा त्यांनी वारस शोधायला सुरुवात केली. आमचे हे बँकेत. ह्यांना स्क्रू दाखवला तरी घाम फुटायचा. घरातला बल्ब बदलायलासुद्धा शेजारचे पाटील यायचे. तर एके दिवशी माझी काळ्या मण्यांची सर भयंकर गुंतली होती, ती मी दाराच्या उजेडात बसून सोडवली. मामंजी बघत होते. म्हणाले, "उद्यापास्नं दुकानात ये."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आणि भाकरी कोण थापणार?"

"भाकरीचं काय हुईल? करपंल," मामंजी म्हणाले. "तिकडं कारखान्याचं यंत्र बंद पडलंय."

अशी माझी नेमणूक झाली.

गंमत होती त्या कामात. ऊस गाळपाचा हंगाम तोंडावर आला की कारखान्यांचे केमिस्ट धावत यायचे. यंत्र उघडावं तर आत मुंग्या. भिंगावर वाळलेल्या रसाचा चिकट थर आणि त्यावर मुंग्यांची पंगत. एक केमिस्ट कपाळावर हात मारून म्हणाले होते, "अक्का, साखरेचा उतारा आमच्या आधी ह्यांना कळतो बघा." मला सगळे अक्काच म्हणायचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेलेही. मोजणीच्या जुन्या दुर्बिणीत मध्यावर जी फुली दिसते, ती पूर्वी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याने करत. तितका बारीक आणि तितका चिवट धागा माणसाला बनवता येत नव्हता. त्यासाठी मामंजींनी घरी माळ्यावर दोन कोळी पाळले होते. सासूबाईंनी दसऱ्याच्या साफसफाईत केरसुणीने त्यांचा निकाल लावला. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. सासूबाई वाटीत आमटी वाढत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "कोळ्यासाठी सुतक धरलेला नवरा माझ्याच नशिबी आला."

एक बागायतदार दर महिन्याला दुर्बीण साफ करायला आणायचे. पक्षी बघता का, असं मी कौतुकाने विचारलं. म्हणाले, "कशाचं पक्षी! माडीवर बसून ऊसतोडीची टोळी बघतो. बिडी प्यायला बसली की हितनं फोन करतो." टोळीला वाटायचं मालकाला सिद्धी आहे.

आता आमच्या धंद्याचं मर्म सांगते, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. साध्या काचेवर उजेड पडला की बहुतेक आरपार जातो आणि थोडा परत फिरतो. खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो, तो त्या परत फिरलेल्या उजेडामुळे. दुर्बिणीत एक काच नसते, पाच-सात असतात, आणि प्रत्येकीला दोन तोंडं. हा परतलेला उजेड एका काचेवरून दुसरीवर, दुसरीवरून नळीच्या भिंतीवर असा भटकत राहतो. लग्नात जेवणं उरकल्यावरही मांडवातून न हलणारे पाहुणे असतात ना, तसा. काम काही नाही, पण नवरा-नवरीचा फोटो काढायला जावं तर नेमका मध्ये उभा. मग चित्रावर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका पडदा येतो. काळं करडं दिसतं, करडं पांढरं दिसतं, आणि ऊन तोंडावर असेल तर काहीच दिसत नाही.

ह्यावर उपाय तीन. नळी आतून काळी ठेवायची, म्हणजे भिंतीवर आपटलेला उजेड तिथेच मरतो. पुढे टोपी लावायची, म्हणजे तिरकं ऊन भिंगावर पडतच नाही. आणि तिसरा उपाय भिंगावरच असतो: एक अतिशय पातळ थर, जो उजेडाला परत फिरू देत नाही. त्यातूनही जरासा जांभळा-निळा निसटतो, तो आपल्याला दिसतो. म्हणजे भिंग जांभळं दिसतं ते थर काम करतोय म्हणून. हे आता माझ्या नातवालासुद्धा पाठ आहे. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी शिकले होते पितळेच्या जुन्या यंत्रांवर. त्यांची भिंगं बिनथराची, पाण्यासारखी. कॅमेरे मामंजी स्वतःकडे ठेवायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. त्यात त्या आठवड्यात ते मुलीकडे निपाणीला गेले होते, आणि दुकानाची मालकीण मी!

अशा वेळी डॉक्टर विभूते आले. गुरांचे डॉक्टर, पन्नाशीला टेकलेले, शिरोळकडचे. आवाज असा की खालच्या पंपवाल्यालाही ऐकू जावा. वाट चुकून वस्तीत शिरलेल्या रानजनावरांना बेशुद्ध करायचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यांनी टेबलावर एक लांब खोकं उघडलं. आत बंदूक.

मी खुर्ची मागे सरकवली.

"घाबरू नका अक्का," ते म्हणाले. "हिच्यातनं गोळी न्हाई, सुई जाती. लांबनं इंजेक्शन. जनावराजवळ जाऊन 'जरा दंड पुढं करा' म्हणता येत न्हाई ना."

बंदुकीवर नेम धरायची दुर्बीण बसवलेली होती. पावसाळ्यात आत बुरशी धरली होती, त्यामुळे अंधूक दिसायचं. मी ती सोडवून ठेवून घेतली. बुरशी उत्तम काढली, हे मी आजही छातीठोक सांगते. जोडताना बघते तर पुढच्या मोठ्या भिंगावर जांभळट डाग. स्पिरिटने पुसला, जात नाही. साबणाने, जात नाही. आता माझा अपमान झाला. शाहूपुरीच्या अक्काला डाग जुमानत नाही म्हणजे काय! मी काच घासायची लाल भुकटी काढली आणि बसले. मोठं भिंग झाल्यावर डोळ्याकडच्या भिंगावरही तसाच "डाग" दिसला. तोही काढला. खरं तर दोन्ही भिंगांवर, काठापासून काठापर्यंत, इतका सारखा डाग कसा पडेल, हा प्रश्न कुणाही शहाण्या बाईला पडला असता.

तपासणीही केली. खिडकीत उभं राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचली. अक्षर न् अक्षर स्वच्छ. ऊन माझ्या पाठीमागून पाटीवर पडलं होतं, हे मी ध्यानातच घेतलं नाही. डॉक्टरांनीही तिथेच डोळा लावला. "अगदी आरशागत झालंय," म्हणाले. खरंच झालं होतं. आरशासारखंच.

महिना-दीड महिना गेला. संक्रांत चार दिवसांवर आली होती. जेवण करून मी दुकान उघडलं तोच डॉक्टरांचा जीपवाला पांडबा जिने धडाधडा चढून वर आला.

"अक्का, हत्यारं घ्या आणि चला. साहेबांनी बोलावलंय. गवा घावलाय उसात, आणि दुर्बिणीत काय दिसंना झालंय."

मी पेटी घेतली. जीप शिरोळच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्यांतून वाट काढत पांडबा सांगत होता. गवा पहाटे गावाजवळच्या फडात शिरला होता. ऊस एका अंगाने तोडलेला, तीन अंगांनी उभा. एका बाजूला गाव, मागे नदी. सकाळी एकाची मोटारसायकल त्याने शिंगांवर घेऊन बांधापलीकडे टाकली होती. माणूस उडी मारून वाचला. अंधार पडला की जनावर हलणार, आणि मग ते गावात घुसेल की नदीत, सांगता येत नाही. दुपारी डॉक्टरांनी एक सुई मारली, ती चुकली. औषध भरलेली एकच सुई उरली होती.

"साहेबांचं काय खरं न्हाई, अक्का," पांडबा म्हणाला. "ह्या महिन्याभरात हा तिसरा नेम चुकला. आधी एक मारका वळू, मग एक गवा, आणि आता ह्यो. पूर्वी कधी चुकत नव्हतं. डोळं गेलं म्हंत्यात. चष्मा करून घेतला. मग त्यो बदलून दुसरा घेतला. आज घावला तर बरं, न्हाईतर बंदूक जमा करून नोकरी सोडतो म्हणून बसल्यात. घरात वैनींच्या डोळ्याचं पाणी खळंना."

"वय झालं की होतं हो असं," मी समजूतदारपणे म्हणाले. "माणसाने स्वीकारायला पाहिजे."

"व्हय की. आणि तिन्ही बारीला ऊन तोंडावरच आलं बघा. नशीबच तसलं."

"नशिबाला काय करणार!" मी म्हणाले.

माझ्या जागी त्या सीटवर हत्यारांची पेटी एकटी बसली असती, तरी तिला काही तरी उमगलं असतं.

गावात पोचलो तर जत्रा. घरांच्या पत्र्यांवर माणसं, ट्रॅक्टरवर माणसं, झाडावर माणसं. वनखात्याचे शिपाई काठ्या घेऊन ओरडत होते, "मागं व्हा, पावणं! तो काय बैल न्हाई ओवाळून घ्यायला!" तोडलेल्या उसाच्या बाजूला, बांधाच्या आडोशाला डॉक्टर पोटावर पडले होते. नाकावर नवा कोरा चष्मा. समोर हाकेच्या अंतरावर, उभ्या उसाच्या कडेला, काहीतरी प्रचंड काळं बसलेलं होतं. मधूनच त्याचा कान हलायचा.

"अक्का, वाकून या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "बघा जरा, आत धुकं साचलंय का. का माझ्याच डोळ्यात साचलंय?"

मी बांधाला टेकून दुर्बिणीला डोळा लावला.

ऊन गव्याच्या मागे, थोडं वर. दुर्बिणीत गवा नव्हताच. पांढरं दूध. त्या दुधात मधोमध एक गोल उजेडाचा ठिपका, त्याच्याशेजारी त्याचं पिल्लू, मग पिल्लाचं पिल्लू. भटक्या उजेडाचं सगळं गणगोत आत येऊन बसलं होतं. मी दुर्बीण काढून भिंग माझ्याकडे वळवलं. त्यात माझा चेहरा स्वच्छ दिसला, टिकलीसकट. नीट काम करणाऱ्या भिंगात स्वतःचा चेहरा इतका सुंदर दिसत नसतो.

त्या क्षणी मला तो जांभळा डाग कशासाठी होता ते कळलं. समोर गवा बसलाय हेच मी विसरले.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"धुकं नाही," मी म्हणाले. "चकाकी आहे. टोपी लावायला पाहिजे." खोटं काही बोलले नाही. खरंही पुरतं बोलले नाही.

थर काही बांधावर बसून चढवता येत नाही. त्याला हवा काढून घेतलेलं भांडं लागतं, यंत्रं लागतात. हातात होते ते बाकीचे दोन उपाय: काळोख आणि टोपी. मी मागे सरकत सरकत वस्तीशी आले. फडाची मालकीण पारूबाई गोठ्याच्या दारात काठी घेऊन उभी होती. आत तिच्या दोन म्हशी.

"मला पाइपचा तुकडा पाहिजे," मी म्हणाले. "दोन इंची. आणि करवत."

बागायती गावात पाइपला तोटा नाही. एका पोराने पाइप आणला, दुसऱ्याने करवत.

"बाई, बंदूक हाय का बोअरची मोटर?" कुणीतरी पत्र्यावरून विचारलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पाइप पांढरा. आतून काळा करायला हवा, तोही बिनचकाकीचा. तव्याची काजळी ओल्या बोटाने लावावी तर वाळायला वेळ नाही, आणि कण सुटून भिंगावर पडणार. "पारूबाई," मी म्हणाले, "काळं मखमलीचं कापड आहे का घरात? मखमल उजेड खाऊन टाकते."

पारूबाई माझ्याकडे बघतच राहिली. "हाय की. संक्रांतीचा बिलावजपीस हाय, परवाच आणलाय. गव्याला शिवून घालतायसा काय?"

"द्या की! जनावर जाईल, तुमच्या म्हशी वाचतील."

"म्हशी वाचतील, पण मी हळदीकुंकवाला काय घालून बसू?" असं म्हणत म्हणतच ती आत गेली आणि घडी न मोडलेला पीस माझ्या हातात आपटून म्हणाली, "काप. पण मधनं कापू नगंस, कडंनं काप. उरलेल्यात पोरीचा झगा हुईल."

कडेने कापला. मखमल आत ताणून बसवली, वर चिकटपट्टी मारली. मग पाइप दुर्बिणीच्या तोंडावर सरकवून मी दुर्बीण गव्याच्या दिशेने रोखली आणि पाइप पुढे पुढे ओढत गेले. भिंगावर उन्हाची एक चंद्रकोर पडलेली दिसत होती. पाइप पुढे जाईल तशी ती बारीक होत गेली, आणि एका जागी नाहीशी झाली. त्याच्या बोटभर पुढे खूण केली, कापला. आणखी लांब ठेवला असता तर पाइपाची कडच दुर्बिणीत दिसली असती. दुर्बिणीची डोळ्याकडची बाजूही उघडी होती, मागून येणारा उजेड तिच्यावर पडत होता. तिथे कापडाचा दुसरा तुकडा पडद्यासारखा बांधला, म्हणजे डॉक्टरांनी डोळा लावला की डोकं झाकलं जाईल. जुने फोटोवाले बुरख्यात शिरायचे तसं.

पुन्हा वाकत वाकत बांधापाशी गेले आणि दुर्बीण बंदुकीवर होती तशी बसवली. डॉक्टर त्या मखमली बुरख्यात शिरले. चष्मा आडवा येत होता, तो काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"अक्का," आतून आवाज आला. "मला त्याच्या पापण्या दिसाय लागल्यात."

मी त्यांचा चष्मा मुठीत धरून बसले. मागे हजार माणसं, पण आवाज नाही. पारूबाईची म्हैस तेवढी एकदा ओरडली. गवा उठला. उठताना तो किती मोठा आहे ते मला कळलं, आणि मी देवाला जे जे कबूल केलं ते सगळं अजून फेडलेलं नाही. तो वळला आणि त्याची बाजू आमच्यासमोर आली. फटाकडीएवढा आवाज झाला आणि त्याच्या खांद्याच्या मागे सुईचा लाल गोंडा थरथरताना दिसला.

"लागली!" पत्र्यावरून आरोळी उठली. शिपाई त्या दिशेने दात ओठ खात धावले.

गवा उसाकडे दोन पावलं गेला, थांबला, विचारात पडल्यासारखा उभा राहिला. मग पुढचे पाय दुमडून अलगद बसला. घरी परतलेला माणूस ओसरीवर टेकतो तसा. डॉक्टर धावले. मग त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं, अंगावर पाणी, दोऱ्या, पंचवीसेक गड्यांचं "हं, उचला!" आणि ट्रक. जंगलाच्या हद्दीत नेऊन त्याला उलटं, शुद्धीवर आणणारं औषध देतात आणि सोडतात. तो नीट चालत झाडीत गेला, हे दुसऱ्या दिवशी पांडबाने येऊन सांगितलं.

ती दोन्ही भिंगं मी पुढे माझ्या पदरच्या पैशांनी नवी मागवून बसवली. त्यानंतर माझ्याकडे बंदुकीच्या कितीतरी दुर्बिणी आल्या. नेमबाजीच्या क्लबांच्या, निवृत्त फौजींच्या. सगळ्या मी आधी ट्यूबलाइटखाली धरायची. भिंगात दिव्याचं प्रतिबिंब जांभळं, मंद दिसलं तर त्यावर श्वाससुद्धा जपून सोडायची. पांढरं, ठसठशीत दिसलं तर समजायचं, इथे आपलीच कुणी तरी जातभगिनी हात फिरवून गेली आहे. काही वर्षं मला चकाकीची डॉक्टरीण म्हणून ओळखत होते. खेळाडू पोरी यायच्या, "आज्जी, संध्याकाळच्या वेळी निशाणाचं काळं वर्तुळ फिकं दिसतं" म्हणायच्या. मी भिंगांच्या कडा शाईने काळ्या करून द्यायची, आत मखमल लावून द्यायची. बिघडलेलं इतक्या साध्या गोष्टींनी सुधारतं, ह्यावर शिकलेल्या माणसांचा विश्वास बसायचा नाही, मखमलीवरून हात फिरवून "एवढंच?" म्हणायची.

आता तो धंदा संपला. आजकालच्या दुर्बिणी आत वायू भरून कायमच्या बंद केलेल्या येतात. उघडायला स्क्रूच नाही. बिघडली की टाकायची, नवी घ्यायची. साखर कारखान्यांतली यंत्रंही आकडा आपणच दाखवतात, मुंग्यांनी जायचं कुठे? दुकानाच्या जागी आता मुलाने मोबाइलच्या काचा बदलायचं काम सुरू केलंय. मी दुपारी जाऊन बसते. तो काच बदलतो आणि फेकतो. मी ती उचलून उजेडात धरते. सवय.

पण त्या दिवशीचं राहिलंच. ट्रक गेला, गर्दी पांगली. पारूबाईने गोठ्यासमोर बाजलं टाकलं आणि आम्हाला चहा दिला. उरलेल्या मखमलीचा तुकडा ती उलटा-सुलटा करून मोजत होती. गावचे सरपंच येऊन मला हात जोडून गेले. वनखात्याचा एक शिपाई दुसऱ्याला सांगत होता, "ह्या बाईनं वाचवलं आज." मी पदर सारखा करून बसले होते. खोटं कशाला बोलू, गोड वाटत होतं. वाटलं, कशाला बोलायचं? गवा वाचला, गाव वाचलं. नवी भिंगं गुपचूप बसवून टाकू.

डॉक्टरांनी बशीत चहा ओतला. त्यांचा चष्मा अजून माझ्या मुठीतच होता.

"अक्का, तुमच्यामुळं शेवट गोड झाला," ते म्हणाले. "उद्या बंदूक जमा करतो. आज पाइपानं तारलं. उद्या पाइप नसंल, कुणाचं तरी पोर मधी असंल. डोळ्यावर भरवसा न्हाई तर माणसानं सुई मारू नये."

पारूबाई मखमल मोजायची थांबली.

मी म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही." आणि मग सगळं सांगितलं. जांभळा डाग, लाल भुकटी, दोन दिवस, दोन्ही भिंगं, ऊन पाठीमागे घेऊन वाचलेली पाटी. जिलेबीचंसुद्धा सांगितलं. ते का सांगितलं देव जाणे. जीपमध्ये पांडबाला जे समजूतदार बोलले होते, ते मात्र नाही सांगितलं. पण पांडबा शेजारीच उभा होता, आणि त्याने खोकून घेतलं.

डॉक्टरांनी बशी बाजल्यावर ठेवली. बशीतला चहा गार झाला. त्यांनी माझ्या हातातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला, नदीपलीकडच्या झाडांकडे बघितलं. उतरवला, पुन्हा बघितलं. मग तो घडी करून खिशात टाकला आणि उठून उभे राहिले. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, पत्र्यावर बसलेल्यांनाही ऐकू जावा असा.

"अक्का, महिनाभर मी घरात 'डोळं गेलं, नोकरी गेली' म्हणून सुतक पाळलंय. बायकोनं माझ्यापायी सोमवार धरलेत, शनिवार धरलेत. पोरगी कॉलेज सोडून कामाला लागतो म्हणती. आता उठा, जीपमधी बसा. शाहूपुरीला न्हाई, आधी माझ्या घरी. मला सांगितलंसा ते समदं तुमच्या तोंडानं तिला सांगा. तिनं ताटात वाढलं तर खावा, आणि ताट फेकून मारलं तर चुकवा. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला हाय."